प्रकाशाचा धातू

[धातू म्हटले की आपल्याला लोखंड, तांबे, सोने, चांदी आठवते. पण काही धातू आपल्या नजरेस न पडता आपली कामे करीत असतात. सेरियम हा असाच एक धातू आहे. जुन्या गॅसबत्तीत तो होता आणि आजच्या एलईडी दिव्यातही तो आहे. या धातूचे गुणधर्म, त्याचे उपयोग आणि त्याच्या निमित्ताने कच्चा माल व ज्ञान यांचे नाते या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला माहीत असलेल्या धातूंची नावे सांगा, असे कोणी म्हटले तर तुम्ही चटकन लोखंड, तांबे, पितळ, सोने अशी नावे सांगाल. त्यावर तुमच्यातलाच एखादा हुशार मुलगा म्हणेल, "पितळ हा धातू नव्हे, ते संमिश्र आहे!" पण सेरियमचे नाव बहुधा कोणीच घेणार नाही. तरीही हा धातू तुमच्या ओळखीच्या वस्तूंमध्ये आहे. तुमच्या घरातल्या एलईडी दिव्यात तो आहे. चष्म्याच्या भिंगाला झिलई देण्यासाठी त्याची पूड वापरतात. आणि तुमच्या आजोबांच्या लग्नाच्या वरातीत गॅसबत्त्यांचा जो लख्ख उजेड पडला असेल, तोही या धातूमुळेच.

प्रथम या गॅसबत्तीचीच गोष्ट पाहू. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत वीज पोहोचण्यापूर्वी रात्रीच्या कार्यक्रमाला गॅसबत्ती लागे. लग्नाची वरात असो, गावचा उरूस असो, यात्रा असो की भजन-कव्वालीचा कार्यक्रम असो, गॅसबत्ती आली की लोक म्हणत, "आता दिवस उगवला!" घरातला कंदील आणि ही बत्ती, दोघांतही रॉकेलच जळे. मग कंदिलाचा प्रकाश पिवळा आणि मंद का? आणि गॅसबत्तीचा पांढरा आणि प्रखर का?

याचे उत्तर बत्तीच्या काचेआड टांगलेल्या एका लहानशा पिशवीत आहे. जाळीदार कापडाच्या या पिशवीला मेंटल म्हणतात. कंदिलात वातीची ज्योत स्वतःच प्रकाश देते. गॅसबत्तीत तसे होत नाही. तिथे पंपाने हवा भरली की दाबामुळे रॉकेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ निळसर ज्योतीने जळते. या ज्योतीत उष्णता खूप असते, पण प्रकाश फार थोडा असतो. ही उष्णता मेंटलला मिळते, मेंटल पांढरे होईपर्यंत तापते आणि प्रकाश बाहेर टाकते. म्हणजे गॅसबत्तीत ज्योत केवळ तापवण्याचे काम करते, उजळण्याचे काम मेंटल करते.

आता तुम्ही विचाराल, कापडाची पिशवी इतक्या उष्णतेत जळून कशी जात नाही? मित्रांनो, ती जळतेच! सुरुवातीच्या काळात मेंटल सुती धाग्याचे विणत. पुढे रामी नावाच्या वनस्पतीचे तंतू आणि कृत्रिम रेशीमही वापरात आले. ही विणलेली पिशवी थोरियम नायट्रेट आणि सेरियम नायट्रेट या दोन क्षारांच्या द्रावणात भिजवून वाळवतात. मेंटल पहिल्यांदा पेटवले की धागा जळून जातो. मात्र धाग्यात मुरलेल्या क्षारांचे ऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि त्यांचा एक नाजूक सांगाडा मागे उरतो. या सांगाड्याचा आकार हुबेहूब धाग्याच्या विणीसारखा असतो. कापूस स्वतः जळून जातो, पण आपला आकार मागे ठेवून जातो. म्हणूनच एकदा पेटवलेले मेंटल हाताचा हलका धक्का लागला तरी भुगा होऊन पडते.

हे मेंटल कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या शास्त्रज्ञाने तयार केले. त्याचा जन्म १८५८ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात झाला. १८८५ मध्ये त्याने मेंटलचे पहिले पेटंट घेतले. पण त्या मेंटलचा प्रकाश हिरवट होता आणि ते फार ठिसूळ होते. लोकांना ते आवडले नाही. १८८९ मध्ये त्याचा कारखाना बंद पडला. दुसरा एखादा असता तर त्याने तो नाद सोडला असता. आउअरने मात्र प्रयोग चालूच ठेवले. थोरियमचे ऑक्साइड वापरून पाहताना त्याला एक विचित्र गोष्ट आढळली. थोरियम जसजसे अधिक शुद्ध करावे, तसतसा मेंटलचा प्रकाश कमी होत होता! शुद्ध पदार्थ अधिक चांगला, असे आपण समजतो. इथे तर उलटेच घडत होते. मग त्याच्या लक्षात आले की खरे काम थोरियममधली 'भेसळ' करीत आहे, आणि ती भेसळ म्हणजे सेरियम. त्याने निरनिराळी प्रमाणे घेऊन पाहिली. ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि अवघा १ भाग सेरियम ऑक्साइड असे मिश्रण सर्वांत उजळ ठरले. सेरियम याहून वाढवले तरी प्रकाश घटतो आणि कमी केले तरी घटतो. १८९१ मध्ये तयार झालेले हे मिश्रण पुढे जगभर पसरले.

आता या सेरियमची नीट ओळख करून घेऊ. १८०३ साली स्वीडनमधील बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी एका जड खनिजात हे नवे मूलद्रव्य ओळखले. त्याच वर्षी जर्मनीतील क्लाप्रोथ यानेही ते स्वतंत्रपणे शोधले. त्याच्या दोन वर्षे आधी, १८०१ मध्ये, सेरेस हा लघुग्रह सापडला होता. त्याच्यावरून या मूलद्रव्याला सेरियम हे नाव देण्यात आले. सेरेस हे प्राचीन रोमन लोकांच्या धान्याच्या देवतेचे नाव. आपल्यासारख्या शेतीच्या जिल्ह्यातील मुलांनी हे नाव सहज लक्षात ठेवावे!

सेरियमचा अणुक्रमांक ५८ आहे. शुद्ध सेरियम चांदीसारखा राखाडी, चकचकीत दिसतो आणि इतका मऊ असतो की चाकूने कापता येतो. तो सुमारे ७९५ अंश सेल्सिअसला वितळतो. लोखंडाला वितळायला १५०० अंशांहून अधिक तापमान लागते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. हवेत ठेवला की त्याची चकाकी लवकर जाते, कारण हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो. म्हणून तो खनिज तेलात बुडवून ठेवतात. थंड पाण्याशी त्याची अभिक्रिया सावकाश होते, गरम पाण्याशी वेगाने होते आणि त्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

सेरियम जाळला तर,

सेरियम + ऑक्सिजन → सेरियम ऑक्साइड

अशी अभिक्रिया होऊन फिकट पिवळी पूड तयार होते. या धातूचा सर्वांत महत्त्वाचा गुण असा, की त्याच्या संयुजा दोन आहेत. कधी त्याची संयुजा ३ असते, तर कधी ४. संयुजा ३ असलेल्या त्याच्या क्षारांची द्रावणे साधारणपणे रंगहीन असतात, तर ४ असलेल्यांची पिवळी किंवा नारिंगी. एका संयुजेतून दुसरीत जाताना तो ऑक्सिजन घेतो किंवा सोडतो. हा गुण ध्यानात ठेवा. पुढे तो दोनदा आपल्या कामी येणार आहे.

सेरियमचा आणखी एक गुण म्हणजे त्याची ठिणगी. 'चकमक' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत त्यालाच तुम्ही 'चक़माक़' म्हणता. पूर्वी आगपेटी नव्हती तेव्हा चकमकीचा दगड पोलादावर घासून ठिणगी पाडत आणि ती कापसावर घेऊन विस्तव करीत. ती ठिणगी दगडाची नसे. दगडाने खरवडलेला पोलादाचा बारीक कण घर्षणाने तापून हवेत पेट घेई, तीच ठिणगी. लोखंडाचे हे काम सेरियम कितीतरी सहज करतो. त्याचे बारीक कण सुमारे १५० ते १८० अंशांनाच पेट घेतात.

याचा उपयोगही आउअरनेच करून घेतला. मेंटलसाठी थोरियम काढून घेतल्यावर सेरियम व त्याच्या भाईबंदांच्या क्षारांचे ढीग उरत. ते कोणालाच नको होते. आउअरने त्यांतून मिश्र धातू मिळवला. पण तो फार मऊ होता. म्हणून त्याने त्यात सुमारे ३० टक्के लोखंड मिसळले. या संमिश्राला फेरोसेरियम म्हणतात. १९०३ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. दातेरी चाक फिरवून पेटणाऱ्या खिशातल्या लायटरमध्ये जो इवलासा 'दगड' असतो, तो दगड नसून हेच संमिश्र आहे. स्वयंपाकघरात आपण जो टक्‌टक्‌ आवाज करणारा लायटर वापरतो, तो बहुतेक वेळा वेगळा असतो. त्यात स्फटिकावर दाब देऊन विजेची ठिणगी पाडली जाते. दोघांचे काम एक, पण शास्त्र निराळे.

सेरियम हा 'दुर्मिळ मृदा' या गटातला धातू आहे. मृदा म्हणजे माती. जुने रसायनशास्त्रज्ञ पाण्यात न विरघळणाऱ्या आणि उष्णतेने न बदलणाऱ्या ऑक्साइडना माती म्हणत. या गटात लँथेनमपासून सुरू होणारी १५ मूलद्रव्ये आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व यिट्रियम अशी एकूण १७ मूलद्रव्ये आहेत. पण दुर्मिळ हे विशेषण फसवे आहे. भूकवचातील सरासरी पाहिली तर एक टन खडकात सुमारे ६० ग्रॅम सेरियम असतो. तांबेही जवळजवळ तेवढेच असते. शिसे तर याहून पुष्कळ कमी असते. आपल्या शेतातील काळ्या मातीतही सेरियम अगदी अल्प प्रमाणात असतो. मग त्याला दुर्मिळ का म्हणावे?

अडचण आहे ती त्याला वेगळे काढण्याची. ही अडचण कापसाच्या उदाहरणाने समजून घेऊ. तुमच्यापैकी अनेकांनी यवतमाळ, वणी, पांढरकवडा किंवा दारव्हा येथे जिनिंग पाहिले असेल. तिथे यंत्रात कापूस घातला की एका बाजूने रुई आणि दुसऱ्या बाजूने सरकी बाहेर पडते. रुई आणि सरकी यांत फरक मोठा, म्हणून त्यांना वेगळे करणे सोपे. आता कल्पना करा, दोन शेतांतली रुई एकाच ढिगात मिसळली आहे आणि तुम्हांला सांगितले, "या शेताची रुई इकडे ठेवा आणि त्या शेताची तिकडे." तुम्ही काय कराल? दोन्हींचा रंग एक, स्पर्श एक, वजन एक! दुर्मिळ मृदांचे असेच आहे. त्या खनिजांत नेहमी एकत्र सापडतात आणि त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे असतात की भले भले शास्त्रज्ञ फसले. १८०३ मध्ये जो पदार्थ सेरियमचे ऑक्साइड म्हणून ओळखला गेला, त्यातून १८३९ मध्ये मोसांडर याने लँथेनम वेगळे काढले. पुढे त्यातूनच डिडिमियम नावाचे 'मूलद्रव्य' मिळाले. १८८५ मध्ये आउअरने दाखवून दिले की डिडिमियम हे एक नसून दोन आहेत. ती दोन मूलद्रव्ये म्हणजे प्रासिओडिमियम आणि निओडिमियम. या विभागणीसाठी त्याला एकच क्रिया असंख्य वेळा करावी लागली.

या जुळ्या भावंडांत सेरियम तेवढा जरा सोपा. मघाशी ध्यानात ठेवलेला गुण आठवा. त्याचे बहुतेक भाईबंद ३ या संयुजेला चिकटून राहतात. सेरियम मात्र सहज ४ वर जातो. त्याला ऑक्सिजन दिला की तो वेगळ्या तऱ्हेने वागू लागतो आणि द्रावणातून बाहेर काढता येतो. सगळ्या मुलांनी सारखा गणवेश घातला असता एकाने टोपी बदलावी, तसे हे आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. आउअरच्या मेंटलला थोरियम आणि सेरियम हवे होते. ते मोनाझाइट नावाच्या खनिजात एकत्र मिळतात. हे खनिज प्रथम ब्राझीलच्या किनाऱ्यावरून युरोपात जाई. १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला भारतातून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे कण आढळले. काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा दोर. तो माग काढीत त्रावणकोर संस्थानातील मानवलाकुरिची येथे पोहोचला. हे गाव आज तमिळनाडूत आहे. तेथील समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट विपुल होते आणि त्यात थोरियमचे प्रमाण ब्राझीलच्या मोनाझाइटपेक्षा जास्त होते. लवकरच त्रावणकोरची वाळू जहाजांनी युरोपात जाऊ लागली. तिच्यापासून तिकडे मेंटल बनत आणि ती मेंटल जगभर विकली जात. वाळू आपली, ज्ञान त्यांचे आणि नफाही त्यांचा!

यवतमाळच्या मुलांना ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची रेल्वे टाकण्यात आली. तिलाच लोक पुढे 'शकुंतला' म्हणू लागले. इंग्रजी कंपनीने ती प्रामुख्याने कापसासाठी बांधली होती. इथला कापूस तिच्यातून मूर्तिजापूरला, तेथून मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने इंग्लंडच्या गिरण्यांकडे जाई. तिथे त्याचे कापड होई आणि तेच कापड पुन्हा आपल्या बाजारात विकायला येई. कापूस पिकवणाऱ्याच्या हातात कापसाचा भाव पडे. सूत, कापड, रंग आणि शिवण यांचे मोल दुसऱ्याच्या हातात जाई.

वाळूच्या बाबतीत आपल्या देशाने हे चित्र बदलण्याचे ठरवले. १९४६ साली कच्चे मोनाझाइट परदेशी पाठवण्यावर बंदी आली. डॉ. होमी भाभा यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या वाळूचे महत्त्व ओळखले होते, कारण थोरियम हे अणुऊर्जेसाठीही उपयोगी आहे. १८ ऑगस्ट १९५० रोजी इंडियन रेअर अर्थ्‌स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९५२ साली केरळमधील आलुवा येथे तिच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. पुढे मुंबईजवळ तुर्भे येथे थोरियमचा कारखाना निघाला. तेथील थोरियम नायट्रेट देशातल्या मेंटल बनवणाऱ्यांना मिळू लागले. या कंपनीचे मुख्य कार्यालय आपल्याच राज्यात, मुंबईत आहे.

आलुवाच्या कारखान्यातील काम पाहण्यासारखे होते. किनाऱ्यावरची वाळू आधी पाण्याच्या प्रवाहात धुतली जाई, म्हणजे हलकी वाळू वाहून जाई आणि जड कण मागे राहत. मग चुंबक आणि विजेच्या साहाय्याने मोनाझाइटचे पिवळसर तपकिरी कण वेगळे केले जात. हे कण दळून कॉस्टिक सोड्याबरोबर तापवत. त्यामुळे त्यांतील फॉस्फेट निघून जाई. उरलेला भाग हायड्रोक्लोरिक आम्लात घातला की दुर्मिळ मृदा विरघळत आणि थोरियम बाजूला राही. मग द्रावणातून एकेक मूलद्रव्य वेगळे करण्याचे खरे काम सुरू होई.

हे काम खर्चाचे आहे, तसेच जबाबदारीचेही आहे. त्यासाठी आम्ल आणि पाणी पुष्कळ लागते. शिवाय थोरियम किरणोत्सारी असल्यामुळे तो नीट जपून ठेवावा लागतो. निष्काळजीपणा केला तर माती आणि पाणी बिघडते. जुने थोरियमचे मेंटल कोठे सापडले, तर ते हाताने कुस्करू नका आणि त्याची पूड हुंगू नका. याच कारणाने अनेक ठिकाणी मेंटलमध्ये थोरियमऐवजी यिट्रियम वापरू लागले. यिट्रियमही दुर्मिळ मृदांच्याच घराण्यातले, पण ते किरणोत्सारी नाही.

गॅसबत्ती मागे पडली म्हणून सेरियमची गरज संपली, असे मात्र नाही. त्याची कामे वाढलीच. चष्म्याचे भिंग, आरसा किंवा कॅमेऱ्याची काच गुळगुळीत करण्यासाठी सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून वापरतात. ही पूड काचेला नुसती घासत नाही, काचेच्या पृष्ठभागाशी तिची रासायनिक क्रियाही होते. म्हणून काचेवर ओरखडे न पडता झिलई येते. मोटारीच्या धुराड्यात विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करणारी एक पेटी बसवलेली असते. तिच्यातही सेरियम ऑक्साइड असते. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की ते तो साठवते, कमी पडला की परत देते. ३ आणि ४ या दोन संयुजांचा गुण इथे दुसऱ्यांदा कामी आला!

आणि आता पुन्हा प्रकाशाकडे येऊ. पांढरा प्रकाश देणाऱ्या बहुतेक एलईडी दिव्यांतील मुख्य घटक खरे तर निळा प्रकाश देतो. हा निळा एलईडी तयार करणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या घटकावर एका पिवळ्या पदार्थाचा थर असतो. तो यिट्रियम आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडचा स्फटिक असून त्यात अगदी थोडा सेरियम मिसळलेला असतो. हा सेरियम निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो आणि पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. मेंटलमध्ये सेरियम शंभरात एक भाग होता. इथेही तो थोडाच असतो. पण तो काढून घेतला तर तुमच्या वहीवर पांढऱ्याऐवजी निळा उजेड पडेल.

ज्या धातूने आजोबांची वरात उजळली, तोच आज नातवाचा अभ्यास उजळतो आहे. मधल्या काळात धातू बदलला नाही, माणसाचे ज्ञान वाढले.

मित्रांनो, आज जगात दुर्मिळ मृदा शुद्ध करण्याचे बहुतेक काम चीनमध्ये होते. आपल्या किनाऱ्यांवर वाळू भरपूर आहे, तरी जगाच्या उत्पादनात आपला वाटा लहान आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जमिनीत काय आहे, एवढ्यावर कोणताही प्रदेश संपन्न होत नाही. जमिनीतून जे निघते त्याचे पुढे काय करता येते, हे जाणणारी माणसे लागतात. आपल्या जिल्ह्यात कापूस आहे, वणीच्या भागात कोळसा आणि चुनखडी आहे. या वस्तू गाड्या भरभरून बाहेर जातात. त्यांच्यापासून काय बनते, कसे बनते आणि ते इथेच का बनू नये, हे प्रश्न तुम्ही विचारायचे आहेत. आउअरने टाकाऊ ढिगाऱ्याकडे पाहून असाच प्रश्न विचारला होता. त्यातूनच लायटरची ठिणगी निघाली.

शब्दार्थ

वरात – लग्नाची मिरवणूक (बारात)
लख्ख – अतिशय उजळ
प्रखर – तीव्र (तेज़)
सांगाडा – आतील आधाराची रचना (ढाँचा)
ठिसूळ – लवकर तुटणारा
भेसळ – मिसळलेला दुसरा पदार्थ (मिलावट)
संमिश्र – दोन किंवा अधिक धातूंचे मिश्रण
मूलद्रव्य – ज्याचे रासायनिक रीतीने आणखी विभाजन होत नाही असा पदार्थ (उन्सुर)
संयुजा – इतर मूलद्रव्यांशी संयोग पावण्याची क्षमता
भूकवच – पृथ्वीचा बाहेरचा घट्ट थर
विपुल – पुष्कळ (कसरत से)
झिलई – चकाकी (पॉलिश)
किरणोत्सारी – आपोआप किरण बाहेर टाकणारा

वाक्प्रचार

नाद सोडणे – एखाद्या गोष्टीचा पिच्छा सोडणे
माग काढणे – शोध घेत जाणे
कामी येणे – उपयोगी पडणे
मागे पडणे – वापर कमी होणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) गॅसबत्तीत प्रकाश देण्याचे काम कोण करते?
(२) सेरियम हे नाव कशावरून ठेवण्यात आले?
(३) दुर्मिळ मृदा गटात किती मूलद्रव्ये आहेत?
(४) शोम्बर्ग याला मोनाझाइट कशात आढळले?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(१) सेरियमचा अणुक्रमांक ........ आहे.
(२) मेंटलमध्ये ९९ भाग ........ ऑक्साइड आणि १ भाग ........ ऑक्साइड असे.
(३) लायटरमधील 'दगड' म्हणजे ........ हे संमिश्र होय.

प्र. ३. कारणे लिहा.
(१) एकदा पेटवलेले मेंटल हलक्या धक्क्यानेही मोडते.
(२) सेरियम खनिज तेलात ठेवतात.
(३) दुर्मिळ मृदा एकमेकींपासून वेगळ्या करणे कठीण असते.
(४) मोटारीच्या धुराड्यातील पेटीत सेरियम ऑक्साइड वापरतात.

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) अपयश आल्यावर आउअरने काय केले? त्यातून त्याला काय आढळले?
(२) त्रावणकोरची वाळू आणि यवतमाळचा कापूस यांच्या कथेत लेखकाला कोणते साम्य दिसते? तुम्हांला ते पटते का?

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
मंद, दुर्मिळ, मऊ, शुद्ध, थंड

प्र. ६. पुढील वाक्यांचा काळ ओळखा आणि ती भविष्यकाळात लिहा.
(१) कारखाना बंद पडला.
(२) सेरियम निळा प्रकाश शोषून घेतो.

प्र. ७. पाठाच्या शेवटच्या परिच्छेदाचा उर्दूत अनुवाद करा.

उपक्रम : मोबाईलच्या मागील बाजूची टॉर्च बंद असताना तिच्यातील लहान टिकलीचा रंग कोणता दिसतो, ते पाहा. टॉर्च लावल्यावर प्रकाशाचा रंग कोणता असतो? पेटलेल्या टॉर्चकडे सरळ पाहू नका, तिचा प्रकाश कागदावर पाडा. या फरकाचे कारण पाठाच्या आधारे वहीत लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना गॅसबत्तीच्या आठवणी विचारा आणि त्या मराठीत आठ-दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.